हत्तीच्या पोटात शून्य नको

सोसायटीच्या नोटीस बोर्डाला काच होती आणि काचेला कुलूप होतं, म्हणून तो बोर्ड वाचला. नाहीतर त्या गुरुवारी संध्याकाळी क्लासवरून येताना गीतांजली सावर्डेकरने आतला कागद ओढून काढला असता, चुरगाळला असता आणि त्याच्यावर दोन्ही पायांनी उड्या मारल्या असत्या. नववीतली मुलगी हे सगळं करू शकते. करत नाही, हा तिचा चांगुलपणा.

कागदावर टाइप केलं होतं: ‘प्रजासत्ताक दिन व सुप्रभात सोसायटीचा दहावा वर्धापनदिन, रविवार दि. २६ जानेवारी १९९७. ध्वजारोहण सकाळी साडेआठ. अंगणात हत्तीची भव्य रांगोळी. संकल्पना व आखणी : चि. वरद नंदकिशोर टिपरे (इंजिनिअरिंग, प्रथम वर्ष). रंगभरण : महिला मंडळ व कु. गीतांजली.’

व कु. गीतांजली! आडनावसुद्धा नाही! जशी काही ती रंगांच्या पिशवीबरोबर फुकट मिळाली होती.

हत्ती तिचा होता. धाकट्या भावाच्या जुन्या चौकटीच्या वहीत तिने तो काढला होता, चार दिवस खपून. पानाच्या डावीकडे भावाने आधीच तेराचा पाढा लिहून ठेवलेला, म्हणून पाढ्याच्या सात चौकटी सोडून पुढे हत्ती. सातव्या रेघेवर सोंडेचं टोक, सतराव्या रेघेवर शेपटीचं. दहा चौकटी लांब, आठ चौकटी उंच, पाठीवर झूल, डोळ्यांत थोडा शहाणपणा. वरदचा या हत्तीशी संबंध एवढाच, की तो सेक्रेटरींचा मुलगा होता आणि सेक्रेटरींनी वही ताब्यात घेतली होती. “आखणी टेक्निकल असते बेटा,” टिपरे काका म्हणाले होते. “ते वरद बघेल. तू रंग भर छान.”

रंग भर छान! गीतांजलीचे कान तापले. शाळेत नुकतीच त्यांची आलेखाची, मायनसच्या आकड्यांसकट, उजळणी झाली होती, आणि बाईंनी फळ्यावर तिला बोलावून म्हटलं होतं, “हिला कळलंय, हिचं बघा.” आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिचं बघा म्हटलं होतं. तेव्हापासून ती चालायची सुद्धा जरा वेगळी.

घरी तिने दप्तर आपटलं. “बाबा, तुम्ही कमिटीत आहात. बोला ना काहीतरी!”

बाबांनी पेपर जरा वर उचलला. “जाऊ दे गं गीतू. टाकीचा व्हॉल्व्ह कोणाच्या हातात असतो? टिपरेंच्या. सकाळी वीस मिनिटं पाणी येतं, त्याची दहा झाली तर?”

नेरुळमध्ये त्या वर्षी माणसं मतांवरून नाही, व्हॉल्व्हवरून गप्प बसायची. हे इतिहासात लिहून ठेवायला हरकत नाही.

“मी आठवड्यातून एकदा आंघोळ करीन,” गीतांजली म्हणाली. “पण हत्ती माझा आहे.”

आईने आतून विचारलं, “कोण आंघोळ करणार नाहीये?” आणि विषय तिसरीकडेच गेला.

शनिवारी संध्याकाळी अंगणात कमिटी जमली. सुप्रभात सोसायटीचं अंगण म्हणजे, खरं सांगायचं तर, देवाने आलेखाचा कागदच अंथरला होता. फूटभर फूटभर शहाबादी लाद्या. जिन्याजवळच्या कोपऱ्यात झेंड्याचा खांब, तिथून गेटपर्यंत चाळीस लाद्या, आणि जिन्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत तीस. दुसरं काही नको, मोजत सुटायचं. वरद मात्र कॉलेजातला मिनी ड्राफ्टर, म्हणजे ड्रॉइंगच्या कागदावर रेघा मारायची दांड्यांची पट्टी, घेऊन आला होता. एवढ्या मोठ्या अंगणात मिनी ड्राफ्टरने काय मोजणार ते त्यालाच ठाऊक, पण तो हातात धरला की माणूस इंजिनिअर दिसतो.

गीतांजलीला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली. आणि मधोमध उभी राहिली.

“काका, सोपं आहे. वहीतल्या प्रत्येक टोकाचे दोन आकडे असतात, इतकं आडवं आणि इतकं उभं. दोन्हींना तीनने गुणायचं आणि तितक्या लाद्या मोजायच्या. हत्ती सगळीकडून सारखा तिप्पट होईल. पण मोजायला सुरुवात कुठून करायची ते आधी ठरवलं पाहिजे. मी म्हणते, शून्य हत्तीच्या पोटात धरू.”

“पोटात शून्य?” महिला मंडळाच्या जयमाला काकू दचकल्या. दर दिवाळीला पंधरा ठिपके ते आठ ठिपके अशी रांगोळी त्या न बघता काढायच्या, त्यामुळे हा विषय त्यांचा. “अगं, म्हणजे उपाशी हत्ती! वर्धापनदिनाला?”

“काकू, शून्य म्हणजे नुसता मधला ठिपका. तो हलत नाही. त्याच्या उजवीकडे प्लस, डावीकडे मायनस...”

“थांब!” खजिनदार सयाजी मोहिते काकांनी हात वर केला. मोहिते काका मूळचे साताऱ्याकडचे, आवाज मोठा. “मायनस न्हाई चालायचं. दहा वर्सं ह्या सोसायटीचा हिशेब सांभाळतोय, एकदाबी मायनस येऊ दिला न्हाई. आन् शुभकार्याला, झेंड्याच्या दिवशी, गणपतीच्या वाहनाची सोंड मायनसमधी?”

“गणपतीचं वाहन उंदीर आहे काका.”

“तोंड तर हत्तीचं हाय ना? मग!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, खरंच, उगाच विषाची परीक्षा कशाला, सगळे आकडे प्लसमध्ये बसतात ना, मग बसवा. आणि टिपरे काकांनी निर्णय दिला: झेंड्याचा खांब म्हणजे शून्य. सोसायटीत सगळं खांबापासूनच सुरू होतं. खांबाला मागे टाकून कोणीही, हत्तीसुद्धा, उभा राहणार नाही.

“पण काका, शेपूट सतराव्या रेघेवर आहे. सतरा त्रिक एक्कावन्न! अंगण चाळीस लाद्यांचं आहे!”

“गीतू,” टिपरे काका हसले, मोठी माणसं हसतात तसं, “किती निगेटिव्ह बोलतेस.”

त्या हसण्यावर कायद्याने बंदी पाहिजे. मिशीच्या फक्त डाव्या बाजूने हसायचे ते.

“आणि गुणायचं कशाला? उगाच हिशेब वाढतो. तीन मिळवा. सरळ काम.” टिपरे काकांनी खडू मागवला. वहीतली एक चौकट म्हणजे एक लादी, आणि प्रत्येक आकड्यात मिळवले तीन. वरदने आकडे वाचले, जयमाला काकूंनी गेरूने रेघा ओढल्या, आणि अर्ध्या तासात खांबापासून दहाव्या लादीवर सोंड आणि विसाव्या लादीवर शेपूट असा एक हत्ती तयार झाला. दहा लाद्या लांब, आठ लाद्या उंच. वहीत होता तेवढ्याच लाद्यांचा! तीन मिळवून तो जराही वाढला नव्हता. कंडक्टरने ‘पुढे सरका’ म्हटल्यावर माणूस सरकतो तसा नुसता तीन लाद्या पुढे आणि तीन लाद्या वर सरकून उभा राहिला होता.

“भव्य वाटत नाहीये,” टिपरे काका म्हणाले.

“कारण मिळवलं की सरकतो, गुणलं की वाढतो,” गीतांजली म्हणाली. “मी केव्हाची...”

“बाबा,” वरदने ड्राफ्टर खांद्यावर टाकला, “मिळवायचं नाही. गुणायला पाहिजे.”

“बघा!” टिपरे काकांनी त्याची पाठ थोपटली. “इंजिनिअर!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! जे वाक्य तिने तासाभरात दोनदा म्हटलं होतं, तेच दाढीचे चार केस आलेल्या तोंडातून आलं तर टाळ्या! गीतांजलीने बाबांकडे पाहिलं. बाबा पाण्याच्या टाकीकडे पाहत होते.

शेवटी रांगोळी किती आणायची यावर चर्चा झाली. या छोट्या हत्तीला दोन पिशव्या पांढरी पुरेल, असं जयमाला काकूंचं अनुभवी मत पडलं.

“मग तिप्पट हत्तीला सहा,” मोहिते काकांनी मंजुरी दिली.

“अठरा,” गीतांजली म्हणाली. “लांबी तिप्पट होणार, उंची पण तिप्पट होणार. तीन त्रिक नऊ. नऊपट जागा भरायचीये काका.”

मोहिते काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “हत्ती तीनपट आन् रांगोळी नऊपट? मग मधल्या बारा पिशव्या जानार कुनाच्या घरी?”

गीतांजली सावर्डेकरवर, वय वर्षं चौदा, रांगोळीच्या अफरातफरीचा आरोप! ती तिथून निघाली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून गच्चीवर. गच्चीवरून तिला सगळं अंगण दिसलं. त्यात गेरूचा हत्ती एका कोपऱ्यात उभा होता. बिचारा. त्याची काही चूक नव्हती. तिने ठरवलं, उद्या खालीच जायचं नाही. मग ठरवलं, जायचं, पण कुणाशी बोलायचं नाही. मग ठरवलं, जायचं आणि बोलायचंच. राग आला की माणसाचं असं पटापट ठरतं.

रविवारी उजाडता उजाडता अंगणात महिला मंडळ हजर होतं. आई होती, जयमाला काकू होत्या, तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी होत्या, आणि सामानावर लक्ष ठेवायला मोहिते काका होते, मफलर गुंडाळून. टिपरे काका पाहुण्यांच्या सत्काराचा नारळ आणि मंडपवाल्याचा माइक आणायला स्कूटरवर निघाले होते. जाताना मुलाच्या आकड्यांचा कागद जयमाला काकूंना देऊन गेले.

“आणि आपले इंजिनिअर?” गीतांजलीने विचारलं.

“झोपलाय गं. जर्नल पूर्ण करत बसला होता म्हणे. आकडे दिलेत ना लिहून.”

कागदाप्रमाणे काम सुरू झालं. सोंड एकविसाव्या लादीवर. अंगणाच्या ऐन मध्यावर! अलीकडची वीस लाद्यांची जागा रिकामी ठणठणीत, तिथे कालचा गेरूचा हत्ती एकटाच बघत उभा. डोकं झालं, कान झाला, झूल झाली. हत्ती गेटच्या दिशेने निघाला होता, ते कुणालाही दिसत होतं. जयमाला काकूंना दिसत नव्हतं, कारण त्या कागद बघत होत्या.

“चाळीस,” आई म्हणाली. “काकू, गेट आलं.”

“मागचा पाय पंचेचाळीस लिहिलाय.”

“पण गेट...”

“मग गेट उघडा! कमिटीने आकडा दिलाय.”

आणि त्यांनी गेट उघडलं! खोटं नाही. रांगोळीचं भांडं घेऊन जयमाला काकू रस्त्यावर आल्या, आणि सुप्रभात सोसायटीच्या हत्तीचं ढुंगण सार्वजनिक रस्त्यावर आकार घेऊ लागलं. दूधवाला सायकलवरून उतरला. समोरच्या बिल्डिंगमधली बाई गॅलरीत आली आणि तिने आत जाऊन नवऱ्याला उठवून आणलं.

त्याच वेळी कोपऱ्यावर टेम्पो थांबला आणि शेवंताबाई उतरल्या.

शेवंताबाई करावे गावच्या. गावात त्यांची तीन मजली बिल्डिंग, मुलगा कंत्राटदार, पण रविवार आला की डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सुप्रभातच्या गेटजवळ बसायच्या म्हणजे बसायच्या. टिपरे काकांनी त्यांना उठवायला दोनदा नोटीस लावली होती. शेवंताबाईंनी त्या नोटिशीत बोंबील बांधून दिले होते. आता त्या आल्या, आपल्या जागेवर पाटी ठेवली आणि फतकल मारून बसल्या. बरोब्बर जिथे शेपटीचं टोक यायचं होतं तिथे.

“बाई, जरा सरका,” जयमाला काकू म्हणाल्या. “तिथे शेपूट येणारे.”

“कोनाची?”

“हत्तीची.”

शेवंताबाईंनी मान वळवून त्या अर्धवट हत्तीकडे नजर टाकली. “ह्यो हत्ती कोनाचा? तुमच्या सेक्रेटरीचा? मना उठवाला आता हत्ती आनला काय त्यानं? मी नाय उठनार! तुमची बिल्डिंग नवती, हितं खाडीचं खाजन व्हतं, तवापासून माजी जागा हाय. घाला तुमचा हत्ती माज्या आंगावर, घाला!”

“अहो पण कागदावर...”

“तुज्या कागदात मी हाय का? नाय ना? मग तुजा कागद खोटा!”

मोहिते काका मध्ये पडले. “बाई, शुभ दिवस हाय, भांडू नका.”

“मी भांडतंय? मी? रस्त्यात हत्तीचा पेकाट मी काडला?”

आरडाओरडा एवढा झाला की दुसऱ्या मजल्यावर रेडिओ बंद झाला, भांडण नीट ऐकू यावं म्हणून. आणि तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी रिकामी पिशवी झटकून जाहीर केलं, “पांढरी संपली.” नुसतं डोकं आणि अर्धी झूल भरून झाली होती.

सगळे थांबले. आणि मग, म्हणजे अगदी आत्ता, सगळ्यांनी गीतांजलीकडे पाहिलं.

ती गेटजवळ हाताची घडी घालून उभी होती. तिच्या तोंडात ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य चांगलं चघळून तयार होतं. पण तिने रस्त्यावरचं ते हत्तीचं ढुंगण पाहिलं, त्याच्यावरून गेलेला सायकलच्या चाकाचा पट्टा पाहिला, आणि ते वाक्य गिळून टाकलं. माझा हत्ती! चार दिवस खपून काढलेला! नाव कुणाचंही लावा, पण साडेआठला पाहुण्यांसमोर हा चिरडलेला प्राणी जाणार आणि लोक म्हणणार, गीतांजलीनेच काढला होता ना तो? रंग भर छान! भरते आता!

“पुसा,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळा पुसा! झाडू आणा, बादल्या आणा. काकू, तो कागद मोहिते काकांना द्या. नको, माझ्याकडेच द्या.” तिने त्याची घडी करून परकराच्या खिशात कोंबली. “आई, वरून कपड्यांची दोरी सोडून आण. लांबातली लांब.”

तिचा आवाज असा काही लागला होता की जयमाला काकूंनी खरोखर झाडू उचलला. लोकांना नक्की काय करायचं ते ओरडून सांगणारं माणूस हवं असतं, मग ते चौदा वर्षांचं असलं तरी चालतं. हे गीतांजलीला त्या दिवशी कळलं आणि ते ज्ञान पुढे घरच्यांना फार महाग पडलं.

ती शेवंताबाईंसमोर उकिडवी बसली. “मावशी, हत्ती आत घेते. पूर्ण. शेपटीसकट. तुमच्या जागेवर एक कणसुद्धा येणार नाही. पण मला पांढरं काहीतरी पाहिजे, भरपूर.”

शेवंताबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “टेम्पोत मीठ हाय. दोन गोनी. म्हावरा सुकवाला चाललेलं. जाडं हाय, चालंल?”

“चालेल!”

“पन मना पुन्ना कोनी उठवाला आला तर?”

“मी मध्ये उभी राहीन.”

“तू? येवडीशी?”

“बघा तर.”

“घे,” शेवंताबाई म्हणाल्या. “पन गोनी फाटकी हाय, दोगी धरा.”

तोवर अंगण स्वच्छ झालं होतं. उरला होता फक्त कालचा गेरूचा हत्ती, त्याच्याकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं म्हणून शिल्लक. तीन मिळवून सरकलेला, लहान, पण प्रमाणात अगदी बरोबर. गीतांजलीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. पोटात शून्य धरलं तर मोठ्या हत्तीचे पाय जिन्याच्या पायऱ्यांवर चढत होते. मग पुढचा पाय. पुढच्या पायाच्या नखापाशी शून्य धरलं तर पाय जिथल्या तिथे राहील आणि बाकीचा हत्ती तिथून सगळीकडे वाढत जाईल. तिने मनातल्या मनात लाद्या मोजल्या. सोंड खांबाच्या सहा लाद्या अलीकडे थांबत होती, शेपूट गेटच्या चार लाद्या अलीकडे. बसतोय!

“मोहिते काका, इकडे या. या नखावर उभे राहा. दोरीच्या टोकावर टाच ठेवा. हलायचं नाही.”

“मी कशापायी?”

“तुम्ही शून्य.”

“मी शून्य?” मोहिते काकांचा मफलर सुटला. “दहा वर्सं खजिनदार हाय मी!”

“काका, तुम्ही हललात तर अख्खा हत्ती हलेल! बाकी सगळं वाढणार, फक्त तुम्ही जागेवर राहणार. सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.”

मोहिते काकांनी टाच रोवली. एकदा महत्त्वाचं म्हटल्यावर त्यांनी ती इतकी रोवली की नंतर पायाला मुंग्या आल्या तरी हलेनात.

पुढचं काम झपाट्याने झालं. काकांच्या टाचेपासून लहान हत्तीच्या सोंडेपर्यंत दोरी ताणायची, तेवढंच माप त्याच रेषेत अजून दोनदा पुढे टाकायचं आणि तिथे खूण करायची. मग कान. मग पाठ. मग शेपूट. सोंड काकांच्या डावीकडे गेली.

“मायनसमधी गेली का गं?” काकांनी मान न हलवता विचारलं.

“गेली काका. दोन त्रिक सहा लाद्या मायनसमध्ये.”

काकांनी डोळे मिटले. “जाऊ दे. कुनाला सांगू नगंस.”

जयमाला काकूंनी खुणा जोडल्या, आणि एकदा हात चालायला लागल्यावर काय रेघ होती त्यांची, वा! मग दोन गोणी मीठ पसरलं. लहान हत्ती पुसायला वेळच नव्हता, म्हणून आईने त्याच्यात उरलेला गुलाबी भरून टाकला. शेवटची मूठ पडली, ऊन भिंतीवरून अंगणात उतरलं आणि मिठाचा खडा न् खडा चमकायला लागला. पांढराशुभ्र, लखलखणारा हत्ती, आणि त्याच्या पुढच्या पायाशी एक गुलाबी पिल्लू. गॅलऱ्यांमधून सगळी सोसायटी वाकून बघत होती आणि कुणीही काहीही सल्ला देत नव्हतं. सुप्रभातच्या इतिहासात असं आधी झालं नव्हतं.

साडेआठला पाहुणे आले. वॉर्डाचे नगरसेवक, पांढरे बूट, मागे दोन कार्यकर्ते. त्यांच्या मागून टिपरे काका, नारळ घेऊन. आणि जिन्यातून, नुकता भांग पाडलेला, ब्लेझर घातलेला वरद. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. मग टिपरे काकांनी माइकवर टकटक केलं.

“ही जी अप्रतिम कलाकृती आपण बघतोय, तिची संकल्पना आणि संपूर्ण टेक्निकल आखणी माझ्या, म्हणजे आपल्या सर्वांच्या, वरदची. एकेक बिंदू गणिताने काढलाय साहेब! झेंड्याच्या खांबापासून!”

गीतांजलीच्या हाताला अजून मीठ लागलेलं होतं. नखाजवळच्या चिरेत ते चुरचुरत होतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा या वेळी टाकीकडे पाहत नव्हते, तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांनी हळूच, अगदी व्हॉल्व्हला दिसणार नाही इतकी हळू, मान हलवली.

ती पुढे गेली. “काका, पाहुण्यांना एक बिंदू दाखवू दे ना वरददादाला. शेपटीचं टोक. हा घ्या त्याचा कागद.” आणि परकराच्या खिशातली घडी तिने वरदच्या हातात ठेवली.

“हां, दाखवा की,” नगरसेवक म्हणाले. त्यांना खरंच बघायचं होतं. “आम्हालाही कळू दे.”

वरदने कागद उघडला. “एक्कावन्न, बारा,” त्याने ऐटीत वाचलं. “म्हणजे खांबापासून एक्कावन्न लाद्या सरळ आणि मग बारा लाद्या वळून.”

“मोज ना मग. खांबापासून,” गीतांजली म्हणाली.

वरद खांबाजवळ गेला. जिन्याच्या कडेकडेने, रांगोळीला धक्का न लावता, पावलागणिक मोजत निघाला. एक, दोन, तीन. जयमाला काकूंनी आईला कोपर मारलं आणि मोठ्याने सुरू केलं, “चार! पाच!” तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी सामील झाल्या. गॅलरीतली पोरं सामील झाली. वीसपर्यंत अख्खी सोसायटी एका सुरात मोजत होती, राष्ट्रगीतापेक्षा चांगल्या सुरात. छत्तीसला वरद खऱ्या शेपटीच्या समोरून गेला. त्याने तिकडे तिरक्या नजरेने पाहिलं, त्याचं पाऊल अडखळलं.

“सदतीस!” सोसायटी ओरडली. कसा थांबेल?

“अरे, कुठे चालला?” टिपरे काकांनी माइकमध्येच विचारलं.

“चाळीस!” गेट आलं. वॉचमनने ते अदबीने उघडलं. “एकेचाळीस!” वरद रस्त्यावर. त्याची मान ब्लेझरमध्ये चालली होती. “एक्कावन्न!” मग वळून बारा. शेवटच्या पावलाला तो थांबला, कारण पुढे पाटी होती.

शेवंताबाईंनी मान वर केली.

“काय रं? काय पायजे?”

“शेपूट...” वरद पुटपुटला.

“सुरमयचं हाय. देऊ?”

नगरसेवक इतके हसले की एका कार्यकर्त्याला त्यांना धरावं लागलं. टिपरे काका माइक बंद करायचं बटण शोधत होते, तेवढ्यात तो कुणीतरी त्यांच्या हातातून घेतला. मोहिते काका होते. एका पायाने लंगडत आले होते.

“ह्या हत्तीची आखनी ह्या पोरीची हाय,” ते म्हणाले. “सावर्डेकरांच्या. मला म्हाईत हाय, कारन ह्या हत्तीत शून्य मी होतो.”

आणि टाळ्या झाल्या. या वेळच्या बरोबर माणसाला होत्या, म्हणून जास्त दणदणीत वाटल्या. गीतांजलीचा राग पहिल्यांदाच जरा बसला.

जरा. कारण सोमवारी सकाळी शाळेत जाताना तिने नोटीस बोर्ड पाहिला. नवा कागद लागला होता. ‘वर्धापनदिन उत्साहात साजरा. हत्तीची आखणी : कु. गीतांजली सावर्डेकर.’ आडनाव होतं! ती हसणारच होती. खाली कंसात आणखी एक ओळ होती.

‘(मार्गदर्शन : चि. वरद नंदकिशोर टिपरे.)’

काचेला कुलूप होतं. पण काच बाहेरूनही काचच असते. गीतांजलीने दप्तरातून जाड स्केचपेन काढलं, लाल, आणि त्या ओळीखाली काचेवर मोठ्या, स्वच्छ अक्षरांत लिहिलं:

‘भेटण्याचं ठिकाण : (५१, १२). दर रविवारी. सुरमई मिळेल.’